बुकिंगवालीची खुर्ची

मला बोटीचं तिकीट स्वस्तात काढता येतं. रेल्वेचं आणि यात्रेच्या बसचं कोणीही काढेल, पण एजंटच्या टेबलासमोर बसून, त्याचा चहा न पिता, त्याच्याच तोंडून खरा भाव काढणं सगळ्यांना जमत नाही. मला जमतं, आणि हे सांगताना मी अजिबात लाजत नाही. ही विद्या मी ना मुंबईत शिकले ना नागपुरात. शिकले वडशाला, नाटकांच्या बुकिंगच्या ऑफिसांत, बाबांच्या बाजूला बाकावर बसून.

आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशाला. गावातली चार माणसं तिथे येतात, तारीख ठरवतात, बयाना देतात. बाबा पडदे रंगवत, म्हणून कामं ठरवायला त्यांची तिथे सारखी ये-जा असे आणि मी त्यांच्या मागे. गिऱ्हाईक आणि मॅनेजर कसे भिडतात ते मी लहानपणी तासन्‌तास पाहिलं. मॅनेजर म्हणणार, आमची एकही तारीख खाली नाही, सगळ्या भरल्या. कच्चं गिऱ्हाईक घाबरून लगेच हो म्हणणार. मुरलेलं गिऱ्हाईक म्हणणार, बरं भाऊ, येतो, आणि घरी जाऊन खुशाल झोपणार. कारण तारीख खाली राहिली तर कंपनीला ती रात्र फुकट जाते. मग मॅनेजर स्वतः निरोप पाठवतो, अर्ध्या भावात.

तिथली आणखी एक रीत होती. ज्याने बुकिंग केलं त्याची खुर्ची पहिल्या रांगेत, फुकट. हे कोणी कागदावर लिहीत नसे. लिहायचं काय त्यात? सगळ्यांना माहीतच असायचं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मूल या गावच्या पोस्टात तारेच्या टेबलावर होते. लग्न व्हायचं होतं, पगार हातात होता आणि तोंड चालू होतं. माय म्हणायची, "या पोरीले तार कराची गरजच नाई. इथून बोलली तरी नागपुरात ऐकू जाते."

बाबांनी सुरुवात केली ती विहाराच्या भिंतीवर. ते काम पाहून एका कंपनीने पडदा सांगितला आणि मग तोच धंदा झाला. राइस मिलच्या आवारात, धान वाळवायच्या फरशीवर ते मांजरपाट अंथरायचे, खळ द्यायचे आणि सरसात रंग कालवून कामाला लागायचे. दरबार, रस्ता, तुरुंग, जंगल. जंगल तर डोळे मिटून काढत, कारण पोंभुर्ण्याकडे तोंड केलं की समोर जंगलच होतं. समुद्राचा पडदाही लागायचा, कारण नाटकात कोणी ना कोणी बोटीत बसून विलायतेला जायचाच, नाहीतर नाटक तीन अंकी व्हायचं कसं? समुद्र बाबांनी पाहिलेला नव्हता. पाहिले होते तलाव. त्यांनी तलाव लांबवला, कमळं काढून टाकली आणि झाला समुद्र. वीस वर्षं कोणी हू की चू केलं नाही.

मग एका हंगामात एका कंपनीचा नवा मालक आला. मुंबई पाहून आलेला. मिलच्या आवारात त्याने पडदा उलगडायला लावला, पाच-पन्नास माणसं बघायला जमली, आणि हा गृहस्थ कमरेवर हात ठेवून म्हणतो, "भाऊ, हा समुद्र हाय का गावचा तलाव? यात म्हशी तेवढ्या टाकाच्या राह्यल्या."

सगळे खो खो हसले. मिलचे हमाल हसले, दिवाणजी हसला. बाबांनी पडदा गुंडाळला, खांद्यावर टाकला आणि घरी आणून माळ्यावर ठेवला. ब्रश धुतले, फडक्यात बांधले. म्हणाले, "ज्यानं पाह्यला नाई, त्यानं काढू नये." त्यानंतर दरबाराचं काम आलं, तेही परत पाठवलं. मी म्हटलं, अहो बाबा, दरबार तरी काढा! तर म्हणतात, "राजाचा वाडा तरी मी कुठी पाह्यला?"

माझं डोकंच सरकलं. उभी हयात रंगात हात घातलेला माणूस सकाळपासून अंगणात खाटेवर बसून राहायचा. माय रात्री हळूच म्हणाली, "आता काही ते ब्रश हातात घेत नाई वो." तेव्हा मी ठरवलं. समुद्र दाखवल्याशिवाय हे ब्रश फडक्यातून निघणार नाहीत, तर समुद्र दाखवायचा. मी त्यांना म्हटलं, चला मुंबईला, चौपाटीवर बसा दिवसभर.

"चौपाटीवरून काय पाह्यचं?" बाबा म्हणाले. "काठ दिसला म्हणजे तलावच. मले बिनकाठाचा पाह्यचा हाय."

आता बिनकाठाचा समुद्र बोटीतूनच दिसणार. चौकशी केली तर कळलं की मद्रासहून पोर्ट ब्लेअरला बोट जाते, तीन दिवस नुसतं पाणी. मद्रासची गाडी तर आमच्या बल्लारशावरूनच जाते. राहिला बोटीचा भाव. तो काढायला मी नागपूरला गेले.

सीताबर्डीवर एक ट्रॅव्हल एजंट होता. पांढरे बूट, टेबलाच्या काचेखाली देशोदेशीच्या नोटा, मागे भिंतभर बोटीचं चित्र. मी बसायच्या आत त्याने चहा सांगितला. मी नको म्हटलं. चहा घेतला की मान खाली जाते.

"मॅडम, दोन महिने आधी बुकिंग लागतं. सीझन आहे. हा रेट उद्या भेटणार नाही."

मला हसू आलं. जणू वडशाचाच मॅनेजर पांढरे बूट घालून बसला होता! मी विचारलं, "बोट फुल जाते का, भाऊ?"

"एकदम फुल."

"मग तुम्ही सकाळी अकरा वाजता एकटे काऊन बसले?"

तो जरा वरमला. मग बोलता बोलता मी त्याच्या धंद्याची मेख काढून घेतली. मोठ्या पार्ट्यांसाठी तो बोटीतल्या जागा आधीच घेऊन ठेवायचा. मी विचारलं, पार्टी फुटली तर? तो खिडकीबाहेर बघायला लागला. झालं, मला माझी खाली तारीख सापडली. मी उठले आणि म्हटलं, "फेब्रुवारीची बोट. दहा माणसं मी आणतो. आज बयाना देत नाई. तुमची पार्टी फुटली की मूल पोस्टात तार करा. ती तार मीच घेणार हावो."

दहा माणसं जमवणं सोपं गेलं. पोस्टमास्तर साहेब आणि त्यांच्या बाई, आमच्या खात्यातली आणखी दोन कुटुंबं, असे आठ. माझे आई-बाबा मिळून दहा. साहेब देवमाणूस, पण भित्रे. "बाई," ते म्हणाले, "बोट म्हणजे काही आपल्या मंडईचं नाटक नाई."

"साहेब, खाली जागा ती खाली जागा. मग ती मंचावरची असो का पाण्यावरची."

रेल्वेचं रिझर्व्हेशन मात्र मी वेळेत करून टाकलं, कारण रेल्वे कोणाच्या बापाचं ऐकत नाही. एजंटचं एक पत्र आलं, थोडी सवलत देतो म्हणून. मी उत्तर दिलं नाही. दुसरं आलं, आणखी थोडी. मी तेही खणात टाकलं. बोटीला पंधरा दिवस राहिले, दहा राहिले. साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागले. त्यांच्या बाईंनी भरलेली पेटी रिकामी केली आणि ते मुद्दाम माझ्या मायला येऊन सांगितलं. बाबा खाटेवर बसून माझ्याकडे पाहत होते. बाहेरून मी ताठ होते. पण खणातली ती दोन पत्रं रोज काढून पुन्हा वाचत होते, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आठ दिवस राहिले. दुपारी यंत्र कडकड करायला लागलं आणि मी अक्षर अक्षर उतरवून घेतलं. पार्टी रद्द. दहा केबिन बर्थ, बंकच्या भाड्यात. तारेने कळवा.

बंक म्हणजे बोटीच्या पोटात एकावर एक फळ्यांवर झोपायचं. केबिन म्हणजे स्वतःचं दार, स्वतःची खिडकी, साहेब लोकांची जागा. मी खुर्चीवरून उठून ओरडले, "साहेब, केबिन! बंकच्या भाड्यात!" तिकिटं घ्यायला आलेली माणसं दचकली. साहेबांनी तो कागद तीनदा वाचला आणि त्या दिवसापासून मला बाईऐवजी मॅडम म्हणायला लागले. मी तिथल्या तिथे उत्तर ठोकलं: दहा पक्के.

पैसे भरायला नागपूरला गेले तेव्हा एजंटने हात जोडले. "मॅडम, तुम्ही माझ्याकडे नोकरीला या." त्याने दहा नावांची यादी टाइप करून दिली. मी ती दोनदा वाचली. त्यात माझं नाव नव्हतं, आणि खोटं कशाला सांगू, ते पाहून मला बरंच वाटलं. दहा माणसं आणणारीचं नाव दहात कशाला असेल? ती तर त्यांच्या पुढे. बुकिंगवाल्याचं नाव कधी यादीत असतं का?

अशी आम्ही अकरा माणसं मद्रासच्या बंदरावर पोचलो. मायने जवसाची चटणी आणि चिवडा बांधून घेतला होता. बाबांनी नवा सदरा घातला होता आणि त्यांची काळी छत्री मी धरली होती, कारण त्यांच्या हातात वही होती. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. आमच्यापुढे ती बोट, पांढरी, आमच्या मूलच्या बाजाराएवढी. जिन्यापाशी गणवेशातला एक माणूस यादी घेऊन उभा होता. त्याने एकेक नाव वाचलं, एकेक माणूस बाजूला घेतला. दहा झाले. मी पाऊल पुढे टाकलं तर त्याने हात आडवा केला. नाव?

"मैंनेच तो बुकिंग किया," मी म्हटलं.

त्याने यादी उलटीसुलटी पाहिली. फार सभ्य माणूस होता, त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाला, दहा नावं आहेत, दहा बर्थ आहेत, बोट भरली आहे. मी त्याला समजावलं की दहा वेगळे आणि बुकिंगवाली वेगळी. आमच्याकडे असंच असतं. हिंदीत सांगितलं, तारेच्या तुटक इंग्रजीत सांगितलं, शेवटी मराठीत भांडले. तो प्रत्येक वेळी मान हलवून तीच यादी दाखवायचा. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की चूक त्याची नाही. एजंटचीही नाही. मी दहा म्हटलं, त्याने दहा दिले. सगळ्या जगाला घासाघीस शिकवणारी मी, आणि मला एवढं सुचलं नव्हतं की वडशाची रीत वडशापुरतीच असते. मला इतकी लाज वाटली की कान तापले. रडूही येत होतं, ते मी रागाखाली दाबलं.

साहेब म्हणाले, मी थांबतो, मॅडमला जाऊ द्या. त्यांच्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते आपल्या पेट्या मोजायला लागले. आणि बाबा आपल्या ट्रंकेवर बसले.

"मी नाई जात," ते म्हणाले.

"काऊन?"

"हे पाह्य." त्यांनी बंदरातल्या पाण्याकडे बोट केलं. काळं, तेलकट पाणी, त्यावर संत्र्याच्या साली, आणि चारी बाजूंनी दगडी भिंती. "तलावच हाय. पाह्यला. चाल आता घरी."

ते आता मागे फिरले तर ते फडकं कधीच सुटणार नाही, हे मला तिथे त्या उन्हात लख्ख कळलं. मी जिंदगीत पहिल्यांदा तारेच्या बाबतीत खोटं बोलले. म्हटलं, "बाबा, उगाच तमाशा नका करू. एजंटची तार होती, माझी जागा पुढच्या बोटीत आहे. चार दिवसांनी. मी मागून येतो. तिथी भेटू."

"तार कुठी हाय?"

"तार घेणारीले कागद लागत नाई. डोक्यात राहते."

मायने माझ्याकडे पाहिलं. पिशवीतून चटणीची पुडी काढून माझ्या हातात ठेवली, म्हणजे तिला कळलं होतं. बाबा बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग उठले, ट्रंक उचलली आणि जिना चढले.

बोट सुटली तेव्हा माझ्या लक्षात आलं की छत्री माझ्याच हातात राहिली. उघडली आणि धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिले. वर कठड्याशी माय पदर हलवत होती. बाबा हात हलवत नव्हते. पडद्याचं कापड मापायच्या आधी जसे डोळे बारीक करतात तसे करून नुसते पाहत होते. बोट ठिपका होईपर्यंत मी हलले नाही. मला हलायला सुचतच नव्हतं. मग संध्याकाळची गाडी पकडली. मद्रासची चौपाटी पाहिली नाही. बोटीत घेत नाहीत ना, मग मला काठावरचा नको, असा माझा राग होता.

मूलला येऊन मी पुन्हा टेबलावर बसले. काही दिवसांनी पोर्ट ब्लेअरहून तार आली, माझ्याच यंत्रावर, माझ्याच नावाने. पोचलो. काठ नाही. छत्री जप. मी ती उतरवून घेतली, नियमाप्रमाणे पाकिटात घातली आणि स्वतःच स्वतःला दिली. मग मात्र रडले.

मंडळी परत आली ती माझा जयजयकार करतच. केबिन बंकच्या भाड्यात, हे साहेबांच्या बाईंनी सगळ्या मूलला ऐकवलं. चिमूरहून शिक्षक माझा सल्ला घ्यायला यायला लागले. मी सगळ्यांना शिकवलं, थांबा, घाबरू नका, चहा पिऊ नका. आणि एक नवी ओळ जोडली: यादीत स्वतःचं नाव पहिलं लिहा, मग बाकीच्यांची.

बाबांना मात्र समुद्र कसा होता विचारलं तर म्हणत, "होता." उन्हाळा गेला, पावसाळा गेला. ब्रश फडक्यातच. माझ्या मनात यायचं, एवढी धडपड केली, जागा गमावली, आणि गाडं जिथल्या तिथेच.

धान निसवायला लागलं, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा एका सकाळी खुंटीवरचं ब्रशांचं फडकं दिसलं नाही. मायने मिलकडे बोट दाखवलं. मी धावत गेले तर बाबा फाटकातूनच ओरडले, "तू येऊ नको. पुरा झाला की सांगतो." तीन आठवडे त्यांनी मला फिरकू दिलं नाही. शेवटी मायनेच मला बोलावलं. तोच मालक आला होता, मुंबई पाहिलेला, आणि मागे तीच माणसं, हसायच्या तयारीत.

हमालांनी पडदा वर ओढला. कोणी हसलं नाही.

पहिल्यासारखी निळाई नव्हती. राखेत हिरवा मिसळावा तसं पाणी, वर वर जात कुठे आभाळ झालं ते कळत नव्हतं. आणि खाली, अगदी खाली, बोटभर रुंदीचा दगडी काठ. त्या काठावर चिंचोक्याएवढी एक बाई पाठमोरी उभी, हातात काळी छत्री.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर बिनकाठाचा पाहायला गेले होते."

"पाह्यला ना," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी चारी बाजूनं पाणी. तासभर पाह्यलं, पण केवढा हाय ते समजेचना. मोठा म्हणावं त कोणाहून मोठा? मंग मले आठवलं, बोट निघाली तवा तू केवढीशी दिसून राह्यली होती. तवा समजला मले समुद्र."

"आणि तारेचं?"

"ते त तिथीच समजलं होतं. तुले खोटं बोलता येते का? पण मी परत आलो असतो त तू जलमभर आपल्यालेच बोल लावत बसली असती. म्हणून चढलो."

मी पडद्याजवळ गेले. छत्रीच्या काड्यासुद्धा त्यांनी काढल्या होत्या. "पाठमोरी काऊन काढली मले?"

"समुद्र पाहून राह्यली ते," बाबा म्हणाले. "तिनं अजून पाह्यला नाई ना."

मालकाने पडद्याचा कोपरा हातात घेतला, रंग निघतो का ते अंगठ्याने पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, पुढं हे बाई कोण हाय?"

"बुकिंगवाली," बाबा म्हणाले.

मालक धंद्यातला माणूस होता. ती सगळ्यांत पुढे का उभी आहे, हे त्याने विचारलं नाही.